साडेअकरा पौंडांची स्कॉलरशिप आणि दहा वर्षांचा करार : बाबासाहेबांच्या परदेशी शिक्षणाची गोष्ट

४ जून १९१३. बावीस वर्षांच्या एका तरुणाने बडोदा संस्थानाबरोबरच्या करारावर सही केली. अटी सरळ होत्या. अमेरिकेत जाऊन ठरवून दिलेले विषय शिकायचे. त्यासाठी संस्थान महिन्याला साडेअकरा पौंड देणार, तेही तीन वर्षांपुरतेच. शिक्षण संपलं की परत यायचं आणि बडोद्याची दहा वर्षं नोकरी करायची.

सही करणाऱ्या तरुणाचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, लंडनला शिकले, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं. त्यांच्या पदव्यांची यादी दरवर्षी १४ एप्रिलला मोबाईलवर फिरते. पण या पदव्यांसाठी पैसे कुठून आले, ते कधी संपले, मध्येच शिक्षण सोडून का यावं लागलं आणि परत जाण्यासाठी काय काय करावं लागलं, हा हिशोब त्या यादीत नसतो. तो पाहिला तर पुढे मंत्री झाल्यावर त्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी सरकारचा पिच्छा का पुरवला, हेही कळतं.

पंचवीस रुपयांपासून सुरुवात

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते. आईवडिलांचं हे चौदावं अपत्य. वडिलांना शिक्षणाची फार ओढ, पण निवृत्तीनंतर हातात पैसा बेताचाच. साताऱ्यात सुरू झालेली शाळा पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये आली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही इतकी दुर्मीळ गोष्ट होती, की त्यासाठी सत्काराची सभा भरली.

त्या सभेला कृष्णाजी अर्जुन केळुसकर होते. शिक्षक आणि लेखक असलेल्या केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र या मुलाला भेट दिलं. पुढे कॉलेजचा खर्च घरच्यांना झेपेना, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला.

सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे. दत्तक जाऊन राजे झालेले. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं. भीमरावांना त्यांनी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज पार पडलं आणि बीएची पदवी मिळाली.

पदवीनंतर जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण काही दिवसांतच वडील गंभीर आजारी असल्याचा निरोप आला. ते मुंबईला परतले आणि २ फेब्रुवारीला रामजी सकपाळ गेले.

नेमकं त्याच सुमारास सयाजीराव काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवण्याच्या विचारात होते. भीमरावांनी अर्ज केला. जूनमध्ये करार झाला आणि जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले. घरी पत्नी रमाबाई आणि अवघ्या काही महिन्यांचा यशवंत होता.

साडेअकरा पौंड म्हणजे किती?

त्या वेळच्या दराने साडेअकरा पौंड म्हणजे साधारण ५६ डॉलर. न्यूयॉर्कसारख्या शहरात एवढ्यात खोलीचं भाडं, जेवण, कपडे, पुस्तकं सगळं बसवायचं होतं. शिवाय त्यातलेच काही पैसे वाचवून घरी पाठवायचे होते.

सुरुवातीला ते विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवेना. मग जागा बदलली. पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये खोली मिळाली आणि तिथे नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांचा सोबती झाला. हे नाव लक्षात ठेवायला हवं. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे अडीअडचणीला हाच मित्र धावून आला.

सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले. मित्र, गप्पा, फिरणं, खेळ. मग त्यांच्या लक्षात आलं, की तीन वर्षांचं घड्याळ सुरू झालं आहे. त्यानंतर त्यांचा दिवस ग्रंथालयात सुरू व्हायचा आणि ग्रंथालयातच संपायचा. नाटक-सिनेमा बंद झाला. जेवणावरचा खर्चही कमी झाला.

या तीन वर्षांत त्यांनी किती विषय घेतले, याची नोंद आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३. जोडीला फ्रेंच आणि जर्मन भाषांचे प्राथमिक वर्ग. पदवीसाठी एवढ्याची गरज नव्हती. पण पुन्हा ही संधी मिळेलच याची खात्री नसलेला विद्यार्थी ताटात येईल ते सगळं घेतो, तसं त्यांचं होतं.

शिकवणारेही त्या काळातले मोठे लोक होते. सार्वजनिक वित्त शिकवायला एडविन सेलिग्मन होते. तत्त्वज्ञान शिकवायला जॉन ड्यूई होते. लोकशाही म्हणजे फक्त निवडणुका आणि सरकार नव्हे, ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा ड्यूई यांचा विचार बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात आणि भाषणांत वारंवार दिसतो.

१९१५ मध्ये त्यांनी एमए केलं. ९ मे १९१६ रोजी मानववंशशास्त्राचे प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि रचना यांवर निबंध वाचला. त्याच वर्षी भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावरचा त्यांचा प्रबंध विद्यापीठाला सादर झाला.

न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी लाला लजपतराय होते. परदेशातून स्वातंत्र्यलढ्याचं काम चालवत होते. या हुशार विद्यार्थ्याला चळवळीत ओढायचा त्यांनी प्रयत्न केला. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. आपण एका राजाच्या पैशावर, एका ठरलेल्या कामासाठी इथे आलो आहोत, ते काम आधी, अशी त्यांची भूमिका होती.

पण या मुक्कामातली सगळ्यात मोठी गोष्ट कुठल्याच गुणपत्रिकेत नाही. इथे वर्गात शेजारी कोण बसतं, खानावळीत एका टेबलावर कोण जेवतं, याची चौकशी त्यांना कुणी केली नाही. बाहेरच्या या चार-पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे आठवणींत नोंदवलं आहे. परत आल्यावर जे घडलं, त्याचा घाव इतका खोल का गेला, याचं उत्तर इथे आहे.

मुदत संपली, शिक्षण अर्धवट

१९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले. बॅरिस्टर होण्यासाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं आणि अर्थशास्त्राच्या पुढच्या अभ्यासासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. एकाच वेळी दोन शिक्षणं. बडोद्याने एक वर्ष मुदत वाढवून दिली होती, पण ती १९१७ च्या जूनमध्ये संपली. पुढे मुदत मिळाली नाही. परत या, असा निरोप आला.

दोन्ही शिक्षणं अर्धवट होती. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांना एक सवलत मिळाली. चार वर्षांच्या आत परत आलात तर सोडलं तिथून पुढे सुरू करता येईल. म्हणजे आता दुसरं घड्याळ सुरू झालं.

तेव्हा पहिलं महायुद्ध चालू होतं. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. ते स्वतः एका जहाजाने निघाले आणि त्यांचं सामान दुसऱ्या जहाजाने. ते सुखरूप पोहोचले, सामानाचं जहाज मात्र बुडालं. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी पोटाला चिमटा काढून सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली होती. त्या संग्रहातली बरीच पुस्तकं त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नाहीत.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईला आले. करार पाळायचा तर बडोद्याला जायला हवं, पण खिशात पैसे नव्हते. बुडालेल्या सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, त्यातून बडोद्याला जाण्याची सोय झाली.

बडोद्यातले अकरा दिवस

बडोद्यात महाराजांचे लष्करी सचिव म्हणून नेमणूक झाली. पुढे त्यांना अर्थमंत्री करायचं महाराजांच्या मनात होतं. पण कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात विचारणार हे नक्की होतं. शेवटी पारशांच्या एका सरायीत, वहीत पारशी नाव लिहून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले.

सरायीत दुसरं कुणीच नव्हतं. खोली वरच्या मजल्यावर होती. शेजारचा मोठा दिवाणखाना मोडक्या सामानाने भरलेला. वीज नाही, रात्री एक मिणमिणता कंदील. दिवसभर कचेरीत आणि रात्री त्या अंधारात एकटं, पुस्तक वाचत. कचेरीतही चित्र वेगळं नव्हतं. शिपाई कागद हातात देण्याऐवजी लांबून टाकत.

अकराव्या दिवशी सकाळी ते कामावर निघत असताना डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन वर आले. सराय बाटवली म्हणून जाब विचारला आणि संध्याकाळपर्यंत निघून जायला बजावलं. त्यांनी दोन ओळखीच्या माणसांकडे आसरा मागितला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही वेगवेगळी कारणं सांगून टाळलं. मग ते कामाठी बागेत जाऊन बसले. रात्री नऊच्या गाडीने मुंबईला परतले. दहा वर्षांच्या करारातली नोकरी अशी काही दिवसांतच संपली.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. महाराजांनी पैसे दिले, पदवी मिळाली, हुद्दाही मिळाला. राजाच्या मनात खोट नव्हती. तरीही राजाच्याच राजधानीत त्या माणसाला डोकं टेकायला जागा मिळाली नाही. एका माणसाला शिकवल्याने भोवतीचा समाज आपोआप बदलत नाही, हा धडा बाबासाहेबांना कुठल्याही वर्गात मिळाला नव्हता. तो बडोद्यात मिळाला.

परत लंडन, या वेळी स्वतःच्या पैशावर

मुंबईत आल्यावर त्यांनी शिकवण्या केल्या, मिळेल ते काम केलं. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नोकरी लागली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात हा चांगला पगार होता. पण राहणं परळच्या चाळीतच. कारण लंडनची चार वर्षांची मुदत सरत चालली होती आणि या वेळी फी, प्रवास, खाणं-राहणं सगळं स्वतःच उभं करायचं होतं. ही काटकसर एकट्या बाबासाहेबांची नव्हती. हातात येणाऱ्या मोजक्या पैशांत घर रमाबाई चालवत होत्या.

याच काळात कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांशी त्यांचा संबंध आला. ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला महाराजांनी आर्थिक मदत केली. मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांच्या नेतृत्वाची जाहीर पाठराखण केली. लंडनसाठीही त्यांनी हातभार लावला. उरलेली रक्कम स्वतःची बचत आणि नवल भथेनांनी दिलेलं पाच हजार रुपयांचं कर्ज यांतून जमली. जुलै १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले.

या खेपेचं लंडन पहिल्यापेक्षा कडक होतं. सकाळी पावाचा तुकडा आणि चहासारखं काहीतरी, की ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसभर बैठक. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच. रात्री खोलीवर परत वाचन. भूक असह्य झाली की खोलीतल्या सोबत्याने घरून आणलेले पापड भाजून खायचे आणि वर कपभर दूध. प्रवासाचे पैसे वाचवण्यासाठी पायपीट तर रोजचीच.

जून १९२१ मध्ये एमएस्सी झाली. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले. ऑक्टोबर १९२२ मध्ये डीएस्सीसाठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला आणि पुढच्या अभ्यासाच्या इराद्याने ते जर्मनीतल्या बॉनला गेले.

तेवढ्यात लंडनहून बोलावणं आलं. प्रबंधात ब्रिटिश सरकारच्या चलनविषयक धोरणावर सडकून टीका होती. परीक्षकांना ती रुचली नाही. प्रबंध पुन्हा लिहा, असं सांगण्यात आलं. पण आता लंडनमध्ये थांबायला पैसेच उरले नव्हते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंधाची मांडणी दुरुस्त केली, निष्कर्ष मात्र तसेच ठेवले आणि प्रबंध लंडनला पाठवला. नोव्हेंबर १९२३ मध्ये डीएस्सी मिळाली.

या प्रबंधाबद्दल एक दावा सोशल मीडियावर नेहमी दिसतो, की रिझर्व्ह बँक याच पुस्तकावरून उभी राहिली. वस्तुस्थिती अशी : १९२५ च्या डिसेंबरमध्ये बाबासाहेबांनी चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजे हिल्टन यंग आयोगापुढे, साक्ष दिली. त्यांचा मुख्य मुद्दा रुपयाचं मूल्य स्थिर ठेवण्याचा आणि सरकारच्या मनमानीला आळा घालण्याचा होता. पुढे याच आयोगाच्या शिफारशींनंतर रिझर्व्ह बँकेचा १९३४ चा कायदा आला. सगळं श्रेय एका पुस्तकाला देणं बरोबर नाही, पण तिशीतल्या या अर्थतज्ज्ञाचं म्हणणं देशाच्या चलनाच्या चर्चेत होतं, हे खरं आहे.

कोलंबियाच्या पीएचडीचंही तसंच. प्रबंध १९१६ चा, पण तो छापून प्रती विद्यापीठाला द्याव्या लागत. त्यासाठी पैसे नव्हते. १९२५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये छापून आला. त्याला गुरू सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली. १९२७ मध्ये पीएचडी रीतसर मिळाली. हा ग्रंथ बाबासाहेबांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला आहे, शिक्षणासाठी केलेल्या मदतीबद्दल कृतज्ञता म्हणून. बडोद्यातल्या अकरा दिवसांचा राग त्यांनी महाराजांवर धरला नाही.

उपकाराकडून हक्काकडे

आता थेट १९४२. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले होते. पद हाती आल्यावर काही महिन्यांतच, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी अनुसूचित जातींच्या तक्रारींचं एक सविस्तर निवेदन व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलं. त्यात शिक्षणाचा भाग मोठा होता.

त्यांची मांडणी आकड्यांची होती, दयेची नव्हती. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार दरवर्षी लाखो रुपये देतं, मग या समाजाच्या शिक्षणासाठी तरतूद का नाही? दुसरा मुद्दा विषयांचा. नुसती कला शाखेची किंवा कायद्याची पदवी घेऊन फार काही साधणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण हवं, ते खर्चिक आहे, म्हणून त्यासाठी शिष्यवृत्त्या हव्यात आणि परदेशी पाठवण्याचीही सोय हवी.

याचा परिणाम झाला. १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. काही विद्यार्थी सरकारी खर्चाने परदेशीही गेले. भीमरावांना पंचवीस रुपये मिळाले होते ते एका गुरुजींच्या ओळखीमुळे आणि एका राजाच्या मोठ्या मनामुळे. ते गुरुजी भेटले नसते तर? आता त्याच गोष्टीसाठी सरकारी नियम झाला होता. अर्ज करायचा, पात्र असाल तर पैसे मिळणार.

त्यांनी शिक्षणसंस्थाही उभ्या केल्या. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज निघालं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. गावाकडून येणारी, घरात पहिल्यांदाच शिकणारी पोरं तिथे वसतिगृहात राहून पदवीधर झाली. त्यांतले कितीतरी जण पुढे लेखक, प्राध्यापक, अधिकारी झाले.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना बोलावून मानद डॉक्टरेट दिली. तोपर्यंत ते भारताच्या संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून जगाला माहीत झाले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

आज अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. ही योजना १९५४-५५ पासून चालू आहे. महाराष्ट्र सरकारचीही एक योजना आहे आणि तिला राजर्षी शाहू महाराजांचं नाव आहे. लंडनमधलं किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर, जिथे बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले, ते २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं आणि तिथे आता स्मारक आहे.

दरवर्षी या शिष्यवृत्त्यांच्या जाहिराती निघतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र अशी कागदपत्रांची लांबलचक यादी त्यात असते. अंतिम तारीख चुकली तर वर्ष जातं. म्हणून १४ एप्रिलला पदव्यांची यादी पुढे पाठवताना, घरातल्या किंवा गल्लीतल्या शिकणाऱ्या पोरापोरींपर्यंत ही जाहिरातही पोहोचवायला हरकत नाही. केळुसकर गुरुजींनी १९०७ नंतर नेमकं तेवढंच काम केलं होतं.